केझाया मावशीची माती

केझाया मावशी धक्क्यावरून घसरली तेव्हा तिला वर ओढणाऱ्यांत मी होते. फेब्रुवारीतली सकाळ होती, धक्क्याच्या फळ्यांवर काचेसारखा बर्फ धरला होता आणि आमच्या ग्रॅपनेल कोव्हमधल्या प्रत्येक घरातून जसं कुणी ना कुणी निघतं तशी ती हातात झाकणाची बादली घेऊन निघाली होती. रात्रीची बादली धक्क्याच्या टोकाला जाऊन समुद्रात रिकामी करायची, भरती-ओहोटी पुढचं बघून घेते. आमच्या आज्यांपासून हेच चालत आलं होतं. खड्डा खणावा तर गाव सगळं खडकावर. कुदळ मारली की ठिणग्या उडतात.

तर ती घसरली. खाली जायच्या आधी तिच्या हाताला धक्क्याचा एक खांब लागला, त्याला ती लोंबकळत राहिली आणि बादली गेली. शेजारचा सायलस आणि मी धावलो. सायलसने तिच्या काखांत हात घालून तिला वर घेतलं, बर्फावर बसवलं, आणि ती धड आहे एवढी खात्री होताच म्हणाला,

“बादलीच्या मागे जायची एवढी घाई कशाला केलीस, बाई? नवी मिळाली असती.”

मावशी हसली नाही. तिच्या पायाखाली काळं पाणी उसळत होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती.

केझाया मावशी तेव्हा साठीला टेकली होती. आमच्याकडे वय झालेल्या प्रत्येक बाईला मावशी आणि प्रत्येक पुरुषाला काका म्हणतात, नातं असो वा नसो. ती माझी कुणीच नव्हती, फक्त शेजारीण. उंच, हाडकुळी, कमी बोलणारी. तिचा नवरा लेव्हाय काका होड्या बांधायचा. न्यूफाउंडलंडच्या या दक्षिण किनाऱ्यावर त्याच्या होड्यांना नाव होतं, पण त्याचं एक खुब्याचं हाड कधीचं मोडून वाकडं जुळलं होतं आणि हिवाळ्यात तो दारापासून कारखान्यापर्यंतच चालायचा. पोरं दूर शहरात. त्यामुळे बादली मावशीकडेच होती आणि आता तिचा खांदा निखळला होता.

मग काही दिवस त्यांची बादली मीच नेली. मला त्यात काही वाटत नव्हतं, पण तिला वाटायचं. मी दारात आले की ती पाठ फिरवून चुलीशी उभी राहायची. एकदा म्हणाली, “मेलिना, माझ्या आईची बादली मी नेली, ते वेगळं होतं. तू माझी नेऊ नकोस. मला जेवण जात नाही.”

पुढे काय झालं ते तिने मला फार नंतर सांगितलं. एका दुपारी ती लेव्हाय काकाच्या कारखान्यात जेवणाचा डबा घेऊन गेली. काका फळ्या कापत होता, पायाशी भुशाचा ढीग. ओल्या स्प्रूस लाकडाच्या भुशाला जो वास येतो तो सगळ्या कारखान्यात भरला होता. ती तिथे उभी राहिली आणि तिच्या मनात आलं ते आलं. डबा ठेवला, गोणीत भुसा भरला आणि घरी आणून बादलीत ओंजळभर टाकला. मग आणखी ओंजळभर. झाकण लावलं, थोड्या वेळाने उघडलं. वास नव्हता. तिला खरं वाटेना म्हणून तिने दिवसभर ते झाकण कितीतरी वेळा उघडून बघितलं. दरवेळी तोच वास, नुकतं झाड कापल्यासारखा.

वास गेला, पण बादली भरायची ती भरतच होती. आता भुशाने लवकर भरायची. ती न्यायची कुठे?

त्याचं उत्तर तिला शोधावं लागलं नाही. जूनमध्ये आमच्याकडे केपलिन नावाची बोटभर मासळी लाटांबरोबर वाळूवर येऊन पडते, टोपल्या भरभरून. खाऊन, वाळवून उरते ती समुद्रातलं शेवाळ आणि सुकं गवत घालून रचून ठेवायची, कुजू द्यायची आणि बटाट्याच्या वाफ्यात टाकायची. माशाची माती होते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. त्या रात्री जेवताना मावशीने नवऱ्याला विचारलं, “माशाची होते, तर माणसाची का होणार नाही?”

काकाने काटा खाली ठेवला. म्हणाला, “जेवताना?”

“जेवल्यानंतर सांग.”

जेवल्यावरही त्याने काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात होडी बाजूला ठेवून तो पेटी करायला लागला.

ती पेटी मी बघितली आहे, तिच्यावर बसलेही आहे. गुडघ्याएवढी उंच, चार पाय, वरच्या फळीला बिजागरी. फळीला गोल भोक, त्याच्यावर बसायची कडी, आत बादली. पहिल्या पेटीत त्याने एक चूक केली. बादली फळीच्या खाली राहिली आणि पाणी फटीतून पेटीत उतरायला लागलं. त्याने ती मुकाट्याने मोडली. दुसरीत भोक असं बेतलं की बादलीचा काठ बोटभर वर येऊन थेट कडीला टेकला. शेजारी भुशाची दुसरी बादली आणि एक लाकडी ओगराळं. बसायच्या कडीला त्याने होडीला देतात तसा वॉर्निशचा हात दिला, कोपरे घासून गोल केले. त्याला लाज वाटत होती, पण वाईट काम त्याच्या हातून होत नव्हतं.

घरामागे खडकाच्या आडोशाला मावशीने मासळीच्या कारखान्यातून टाकून दिलेल्या, माल रचायच्या लाकडी चौकटींचे दोन कप्पे उभे केले. एका कप्प्यात तळाला सुकं नेचं आणि गवत, मांडीएवढं. गवताच्या मधोमध खळगा करायचा, बादली त्यात ओतायची, बादली धुतलेलं पाणीही त्यातच, आणि वरून पुन्हा गवत, काही दिसू नये असं. घरातल्या साली, माशांची डोकी, चहाचा चोथा, सगळं तिथेच. हा कप्पा भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिल्याला वर्षभर हात लावायचा नाही. हे सगळं तिने आपल्याच डोक्याने ठरवलं. काही चुकलं की बदलायची. एकदा गवत कमी पडलं आणि माश्या झाल्या, तेव्हापासून तिने गवताची कधी काटकसर केली नाही. सबंध उन्हाळा ती कोयता घेऊन टेकडीवर दिसायची.

गावात सगळ्यांना कळलंच. सायलस दुकानात बसून रोज नवीन काहीतरी काढायचा. केझाया बँक उघडते आहे, सगळे तिथे ठेव ठेवतात, असं म्हणायचा. लेव्हाय काकाला विचारायचा की होडीला शिडं किती आणि या नव्या जहाजाला किती. लोक हसायचे, काकाही हसायचा. सायलसच्या बोलण्याचा कुणी राग धरत नसे. त्याची बहीण थिर्झा वेगळी. दोघं भाऊ-बहीण एकाच घरात राहायची, लग्न दोघांचंही झालं नव्हतं, आणि सगळं हसण्यावारी नेणाऱ्या त्या भावाची ही बहीण हसण्यातली नव्हती. तिने मावशीकडे चहाला जाणं बंद केलं. रविवारी चर्चमध्ये ती एक बाक सोडून बसायला लागली. मला म्हणाली, “समुद्र दिलाय देवाने. त्याला सोडून ही घाण घरामागे रचते?”

असं ते वर्ष गेलं आणि पुढचा हिवाळा आला.

रात्रभर बर्फ पडून उघडलेली एक सकाळ होती. सगळं पांढरं; छपरं, धक्के, उलट्या टाकलेल्या होड्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तर मावशीच्या घरामागून धूर सरळ वर चाललेला. आग लागली म्हणून मी कोट न घालता धावले. आग नव्हती. मावशी हातात दाताळं घेऊन कप्प्यासमोर उभी होती आणि कप्प्यातून वाफ येत होती. आजूबाजूला गुडघाभर बर्फ, आणि त्या ढिगावर एक कण नाही. नुसतं ओलं गवत, आणि त्यातून वाफ, उकळत्या किटलीसारखी.

ढिगात काकाची एक लोखंडी सळई खुपसलेली होती, ती तिने बाहेर ओढली आणि माझ्या हातात दिली. मी धरली आणि सोडली. हाताला चटका बसला होता.

आत कुणी विस्तव ठेवला नव्हता. कुणी काही पेटवलं नव्हतं. भुसा, गवत, साली आणि आम्ही जे धक्क्यावरून तोंड फिरवून टाकतो ते, एवढंच. आणि हे सगळं त्या थंडीत, कुणी न सांगता, आपणहून तापत होतं. मी लहानपणापासून चर्चमध्ये जाते, तिथे मला कधी गुडघे टेकावेसे वाटले नव्हते तसे त्या बर्फात वाटले. टेकले नाहीत. उभी राहिले फक्त.

मागून सायलस आला. त्यालाही धूर दिसला होता. त्याने बघितलं, तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्यातून काही निघालं नाही. मग शेगडीपुढे धरतात तसे त्याने दोन्ही हात त्या वाफेपुढे धरले. बराच वेळ धरले. कशापुढे धरलेत हे एकदम लक्षात आल्यावर खिशात घातले.

“पाव भाजून निघेल यात,” तो म्हणाला, पण हळू आवाजात.

वर्षभर थांबून मावशीने पहिला कप्पा उघडला तेव्हा मी मुद्दाम गेले. मला वाटत होतं वास येईल, मी नाकाला रुमाल धरायच्या तयारीत होते. तिने वरचं गवत बाजूला केलं. खाली माती होती. काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर मुठीत गोळा होणारी आणि बोटांनी दाबली की सुटणारी. भुसा कुठे गेला, बाकीचं कुठे गेलं, काही ओळखू येत नव्हतं. पावसानंतर जंगलात शिरावं तसा वास. आमच्या गावात जंगल नाही. तो वास मला खाडीच्या आत, ओढ्याच्या तोंडाशी गेल्यावरच मिळायचा. मावशीने ती माती खडकाच्या एका खोलगट जागेत टाकली, जिथे आजवर शेवाळाशिवाय काही उगवलं नव्हतं. तिथे तिने करंट नावाच्या आंबटगोड फळांच्या झुडपांच्या फांद्या लावल्या, पुढच्या वर्षी बटाटे. आमच्या आईबापांनी याला सोनखत म्हटलं असतं तर मी हसले असते.

यानंतर काही वर्षांनी सायलस पडला. सकाळी उठला तेव्हा उजवी बाजू गेली होती. जीभ थोडी जड झाली, तरी चालत होती. पाय मात्र चालेनात. थिर्झा म्हातारी, त्याला उचलून बादलीवर बसवताना दोघंही कोसळायची. मावशीला कळलं तसं तिने काकाकडून आणखी एक पेटी करून घेतली, हातांना धरायला दोन्ही बाजूंना कठडे असलेली, आणि आम्ही दोघींनी ती त्यांच्या दारात नेली.

थिर्झा दारात उभी राहिली. “माझ्या घरात हे येणार नाही.”

“तुझ्या घरात नको,” मावशी म्हणाली. “त्याच्या खोलीत.”

आतून सायलस ओरडला, “आण, केझाया, आण. माझं बूड काय या बाईच्या मताने चालतं?”

थिर्झा बाजूला झाली. पण ती स्वतः शेवटपर्यंत आपली बादली घेऊन धक्क्यावर जात राहिली, बर्फात, वाऱ्यात, आणि कुणी हात पुढे केला तर घेत नसे.

त्या दिवसापासून मावशी रोज सकाळी जायची, भरलेली बादली न्यायची, धुतलेली ठेवायची. सायलस वाट बघत असायचा. म्हणायचा, आजचा माल चांगला आहे, बटाट्यांना सांग कुणाकडून आला. एकदा त्याने मला हट्टाने आपल्याला बाहेर न्यायला लावलं. मी आणि माझ्या नवऱ्याने त्याला खुर्चीसकट उचलून मावशीच्या वाफ्यांपाशी ठेवलं. जुलै होता, बटाट्यांना पांढरी फुलं आली होती. धड हाताने त्याने एक पान धरलं, दोन बोटांत फिरवत राहिला, आणि त्याचे डोळे भरले. मला वाटलं पायांसाठी रडतोय. तो म्हणाला, “मी सगळा जन्म समुद्रातून काढत आलो, मेलिना. परत काही दिलंय असं हे पहिलंच.”

त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात, दिवस थोडे राहिलेत हे त्याला कळलं तेव्हा, त्याने मावशीला बसवून घेतलं. मी सूप घेऊन गेले होते, म्हणून मला ऐकायला मिळालं.

“माझ्यावर तुझी माती टाका,” तो म्हणाला.

मावशी म्हणाली, “वेड लागलंय तुला.”

“का?”

“ती जेवणाची माती आहे. मेलेल्याची नाही.”

“अर्धा मीच आहे त्यात,” सायलस म्हणाला. “उरलेला अर्धा नेऊन ठेवायचा, एवढंच.”

मावशी उठली, नेहमीप्रमाणे बादली घेतली आणि गेली. हो म्हणाली नाही.

तो गेला तेव्हा खाडी आतपर्यंत गोठलेली होती. आमची स्मशानभूमीही खडकावरच, टेकडीवर दोन कातळांमधली घळ. तिथे शवपेटी ठेवतात आणि वरून माती ओततात; ती माती दरवेळी होडीने ओढ्याच्या तोंडाकडून, पिंपं भरून आणावी लागते. चार पुरुष बर्फावरून घसरगाडी घेऊन गेले आणि संध्याकाळी मोडकी कुदळ घेऊन परत आले. माती दगड झाली होती. सायलसची शवपेटी मासळीच्या थंड कोठारात ठेवली. वारा उतरेना, बर्फ हलेना. दिवस जाऊ लागले आणि लोक कोठाराच्या बाजूने जायचं टाळू लागले.

मग एका सकाळी थिर्झा मावशीच्या दारात आली. कित्येक वर्षांनी. मी आत होते. तिने आत यायला नकार दिला, उंबऱ्यावर उभी राहूनच विचारलं, “त्याने तुझ्याकडे मागितली होती ना?”

“मागितली होती,” मावशी म्हणाली.

“मग तू काय म्हणालीस?”

“काही नाही.”

थिर्झाने कोटाची कॉलर घट्ट धरली. तिचे ओठ निळे झाले होते. “मी तर नाहीच म्हणाले असते,” ती म्हणाली. “पण विचारलं त्याने मला नाही, तुला.”

मावशीने अंगात कोट घातला आणि दाताळं घेतलं.

गाव जमलं. कुणी बोलावलं नव्हतं, पण बातमी गेली होती. प्रत्येकाच्या हातात मासळीची बादली. मावशीने वर्षभर विसाव्याला ठेवलेल्या कप्प्यावरचं ताडपत्रीचं ओझं काढलं, मग गवताचा जाड थर, हातांनी, एकेक पेंढी करून. आजूबाजूचं सगळं गोठलेलं. कपडे वाळत घालायचा दोर लाकडासारखा ताठ, अंगणातलं पाणी लोखंड. आणि गवताखाली माती मऊ. शेजारच्या कप्प्यातल्या ढिगाची ऊब तिला लागत होती, तिच्यावरून बारीक वाफ उठली आणि आमच्या तोंडांपर्यंत आली. मावशीने दाताळं घातलं, ते लोण्यात सुरी जावी तसं गेलं. उलथलेल्या मातीत गांडुळं होती. लाल, जिवंत, वळवळणारी, त्या गोठलेल्या फेब्रुवारीत. आमच्यातल्या कुणी हिवाळ्यात जिवंत गांडूळ बघितलं नव्हतं. लेव्हाय काकाने डोक्यावरची टोपी काढली. मग बाकीच्यांनीही काढली, थंडीत, एकेकाने, आणि कुणी काढायला सांगितलं नव्हतं.

आम्ही ती माती हातोहात वर नेली. मावशीच्या घरामागून टेकडीपर्यंत माणसांची रांग, बादली या हातातून त्या हातात. माझ्या हातात आलेल्या प्रत्येक बादलीला ऊब होती. हातमोज्यांतून लागत होती. माझ्या मनात येत होतं, हे आम्हीच आहोत. मावशी, काका, सायलस, आजारपणात तिच्या घरी राहिलेली माझी सासू, गेल्या वर्षीचे मासे, टेकडीवरचं गवत. सगळं काळं, सगळं एक, आणि कुणाचं काय ते कुणालाच सांगता येणार नाही. पाद्री बोटीशिवाय येऊ शकत नव्हता म्हणून शाळामास्तरांनी प्रार्थना वाचली. माती मातीला, या शब्दांपाशी त्यांचा आवाज थांबला. त्यांनी खाली बघितलं, पुन्हा सुरू केलं.

पेटीवर पहिली मूठ थिर्झाने टाकली. हातमोजा काढून.

मावशीच्या बागेची दोन वर्षांची माती त्यात गेली. तिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही, पण त्या वसंतात माझ्यासकट पाच-सहा घरांनी काकाकडे पेट्या मागितल्या आणि भरलेल्या बादल्या तिच्याच कप्प्यांत आणून दिल्या. काकाने तिसरा कप्पा बांधला. कुणी हसलं नाही. हसवणारा गेला होता, हेही असेल.

त्या उन्हाळ्यात सायलसच्या कबरीवर बटाटे उगवले. बटाट्याच्या साली ढिगात जायच्या, त्यांच्यावरचा एखादा डोळा तग धरून राहिला असणार. आमच्या स्मशानात गवतही नीट येत नाही, तिथे ती झाडं कंबरेपर्यंत गेली. लोक बघून यायचे. उपटावीत असं कुणी म्हणालं नाही, खणावीत असंही नाही. तो निर्णय थिर्झाचा होता आणि थिर्झा काही सांगत नव्हती.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी ती मावशीकडे आली, एप्रनच्या ओच्यात काहीतरी धरून, आणि आज ती आत आली. मी आणि काका टेबलाशी होतो. तिने ओचा टेबलावर मोकळा केला. मातकट, गोल, हातात मावतील असे बटाटे. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली.

“उकड,” थिर्झा म्हणाली. “सालींसकट.”

मावशीने उकडले. त्यांच्याबरोबर रात्रीचा भिजवलेला खारा कॉड मासा होता, डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे होते. ताटं मांडली. थिर्झाने डोकं खाली घालून मनातल्या मनात काहीतरी म्हटलं, मग बटाटा काट्याने फोडला. आतून पांढरा, कोरडा, वाफाळता. तिने घास घेतला आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती सावकाश चावत होती.

“पिठूळ आहे,” ती म्हणाली. मग काकाकडे वळली. “मीठ दे इकडे.”

काकाने मीठ सरकवलं. मावशीने आपला बटाटा फोडला, मी माझा, आणि आम्ही जेवलो.